हरकत

नोटीस फळ्यावर लागली तेव्हा
मी टाकीवरून उतरत होतो,
हातात वॉलची चावी, पाटलूण गुडघ्यापर्यंत भिजलेली.
कन्नड नोटीस. अक्षरं ओळखीची आहेत मला,
ओळ जुळत नाही.
बसथांब्यावरून सुमित्राला बोलावलं. आठवीत आहे.
ती वाचू लागली, दर शब्दावर बोट,
डोईवर भरली घागर असल्यागत सावकाश.

पूर्वेला सर्व्हे नंबर एकशे बारा.
पश्चिमेला हळ्ळ.
(हळ्ळ कसला, आपला ओढा. उन्हाळ्यात तर तोही नाही.)
जांभूळवाडी आणि नेरळहट्टी, दोन्ही ग्रामपंचायती
विसर्जित करून...
'विसर्जित, बाबा. गणपतीगत.'
हसली. मीही हसलो, मग थांबलो.
एक नगरपंचायत. तेरा वॉर्ड.
हरकत असल्यास तीस दिवसांत, लेखी, बेळगावला.

रात्री समाजमंदिरात सभा.
भैरू कणबरकर बाकावर चढला:
नाव जांभूळवाडीच राहिलं पाहिजे,
आणि पाटीवर मराठी, वरच्या ओळीत.
हट्टीकडनं आलेले शिवबसू खालूनच म्हणाले,
वरची ओळ कायद्याची आहे.
मग वरची ओळ, खालची ओळ,
अक्षराची उंची किती इंच.
एवढ्या गलक्यात गंगव्वा दारापाशी उभी राहिली,
हातात रोजगार हमीचं कार्ड,
साखरेच्या पिशवीत घालून जपलेलं.
'नगर झालं म्हणजे खुदाईचं काम राहतंय की जातंय?'
पीडीओ बाई म्हणाल्या, जातंय.
मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.
भैरूनं पुढचा ठराव वाचायला घेतला.

घरी येताना सुमित्रा म्हणाली,
नेरळ म्हणजे जांभूळच की, बाबा.

शनिवारच्या बाजारात 'नेरळे हण्णू' म्हणत
बाया वाटीनं मोजून देतात,
पोरं जीभ काढून एकमेकांना दाखवतात,
हे मला ठाऊक नव्हतं काय? होतं.
पण गावाचं नाव कोण चाखून बघतो?

ते झाड मी पाहिलेलं नाही. वडलांनीही नसावं.
कुणी म्हणतं एकशे बारात होतं,
कुणी म्हणतं हळ्ळाच्या पल्याड.
बांधावर आता सिमेंटची चौकट आहे, आत दोन वॉल,
एक आमच्याकडं, एक त्यांच्याकडं.
पहाटे पाच ते साडेसहा मी, नंतर फकिरेश.
चावी एकच.
माझं झालं की त्याच्या हातात देतो,
पंधरा वर्षं देतोय. बोलणं फारसं नाही.
पाणी चढलं की 'बंतु' म्हणतो तो,
मी मान हलवतो.

एक नगर, एक टाकी, एक वाटरमन.
हे नोटिशीत नाही.
हे मला कुणी वाचून दाखवायला नको.

एकोणतिसाव्या दिवशी सुमित्रानं वही काढली.
कुठल्या भाषेत लिहू?
तू लिही तर आधी.
काय लिहू?
लिही, हट्टीच्या चढावर पाणी जायला चाळीस मिनिटं लागतात.
तोवर आमचा वॉल अर्धाच दाबायचा,
पुरा दाबला तर जुना पाइप सांध्यात फुटतो.
लिही, सगळ्यात शेवटचा नळ गंगव्वाचा,
तिची कळशी भरल्याचा आवाज बदलतो,
तो ऐकल्याशिवाय बंद करू नये.
'ही हरकत झाली काय, बाबा?'
माहीत नाही. लिही.

फकिरेशनं चौकटीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली,
कन्नड, माझ्या सहीहून ठसठशीत.
वाचून बघ म्हटलं, तर म्हणाला, वॉलचंच असणार की.
कागद भिजू नये म्हणून घडी घालून टोपीत ठेवला,
टोपी डोक्यावर.

मग दोघं चढाकडं कान लावून उभे.
सहा पस्तीस झाले होते,
चावी अजून माझ्याच हातात होती.